पिंजण

लक्ष्मीपुरीत आमचं गादीचं दुकान.
मागच्या खोलीत सरकी काढलेला कापूस
छातीइतका.
रुमैसा, साडेतीन वर्षांची, त्यात उडी मारते
आणि दिसेनाशी होते.
मग एक हात वर येतो. मग शिंक.
मग हसू, ज्याला अजून तोंड सापडलेलं नाही.

"मुदस्सरभाई, पोरगी वाया चाललीय,"
समोरचे बागवान केळी टांगता टांगता म्हणतात,
"आमच्या नातवाचा कायदा संपला, चार सूरा पाठ.
तुमची अजून कापूस खातीया."
मी हसतो.
रात्री मात्र झोप येत नाही.

शगुफ्ता सीपीआरमध्ये, बाळंतिणींच्या वॉर्डात.
ती कूस बदलून सांगते:
या वयात डोक्यात वाटा पडत असतात.
पोर रांगतं, पडतं, डब्यावर डबा ठेवतं,
तसतशी एकेक वाट मळते.
जिथं कुणी चालतच नाही, तिथं गवत माजतं.
"आणि नमाजसुद्धा सातव्या वर्षी सांगायची आहे.
अल्लाहनं दिलेली सवड
तू कशाला कापतोस?"

मला अब्बांची धनुकली आठवते.
तांत छेडली की टण्ण, टण्ण,
गल्ली जागी व्हायची.
दाबून आलेला गठ्ठा, दगडासारखा,
त्या थरथरीनं सुटा व्हायचा,
धागा धागा वेगळा, मधे हवा.
"न पिंजता भरलास तर गादी न्हाई, गोळे,"
ते म्हणायचे,
"माणूस जन्मभर कुशी बदलंल."
हे सांगणाऱ्या माणसानंच
माझ्या गोट्या गटारात फेकल्या होत्या.
बावीस.
एक दुधी होती, आत हिरवी रेघ.
कापसाचं सगळं कळायचं त्यांना.

काल, असरची वेळ.
मशीन बंद करून दुकानातच मुसल्ला टाकला.
सजद्यात गेलो आणि पाठीवर धप्पकन
दोन गुडघे.
"चल घोड्या, रंकाळ्याला!"
कपाळ जमिनीवर, कानाला तिची टाच.
एक क्षण माझ्यात जुना हात वर आला,
अब्बांचा, गटाराच्या दिशेनं.

मग जुम्म्याला मौलानांनी सांगितलेलं आठवलं:
नातू पाठीवर चढला
म्हणून हुजूरांचा सजदा लांबला होता,
मागची अख्खी जमात तशीच वाकलेली,
आणि विचारल्यावर उत्तर एवढंच,
की त्याचं मन भरेपर्यंत
घाई करावीशी वाटली नाही.

मीही केली नाही.
सुब्हाना रब्बियल आला.
तीनदा. सातदा. मग मोजणं सुटलं.
वर ती बिंदू चौक ओलांडून गेली,
मिरजकर तिकटीला भेळेसाठी थांबली,
घोड्याला पाणी पाजलं
(पाणी म्हणजे माझ्या कानात फुंकर).
तिच्या आत कुठंतरी एक वाट पडत होती
आणि ती माझ्यावरून जात होती.

सलाम फेरला तेव्हा गिऱ्हाईक उभं,
दोन उशा हव्यात, घाईत.
"झालं का?" त्यानं विचारलं.
मी मागं बघितलं.
केसांत कापूस,
लगाम म्हणून धरलेली माझी टोपी.
"न्हाई," ती त्याला म्हणाली,
"आमी अजून पोचलोच न्हाई."