तीन नंबरची डीपी

कोणाच्या घरी काय लागलेलं असतं ते मला विचारा.
मी इथला वायरमन. खांबावर झुल्यात पाय अडकवून
पक्कड दातात धरली
की अख्खा पिंपळखुटा कानाशी येतो.

अंगणवाडीच्या शिलूताई भोयर सकाळी सातला
सतार लावतात. कॅसेटची पहिलीच बाजू, रोज.
दुसऱ्या बाजूवर भाच्यानं पाढे भरून ठेवलेत,
एकोणतीसच्या पाढ्यात त्याला खोकला येतो.
तेही ऐकते मी कधीमधी, म्हणाल्या.

डंभारे मास्तरांकडं तबकड्या. अकरा.
जुन्या बनियनच्या तुकड्यानं पुसतात,
दिवेलागणीला मारवा लावतात,
आणि तो संपेस्तोवर घरात कोणी दिवा लावायचा नाही.
गावात त्यांचं बिल सगळ्यात कमी.

याकूबभाई चक्कीत कव्वाली लावतात, फुल्ल.
पट्टा जुना, जोडावर आला की ठप्प वाजतो.
"समेवर येते पाय," म्हणतात, "बरोब्बर समेवर."
मी मोजून पाहिलं. येत नाही.
सांगितलं नाही.

सुजाता मेश्रामचं खांबावरून काहीच ऐकू येत नाही.
कानात बोंडं घालून आर्वीला नर्सिंगला जाते,
एस्टीत उभी. तिनंच सांगितलं एकदा :
कोरियातली पोरं हायत काका,
नवीन अल्बम आला, बारा गाणी,
सातव्यात मले रडू येते.
शब्द? शब्द कोणाले कळते.

मंगळवारी बाजार उलगला की चक्कीपाशी
पिठानं पांढऱ्या झालेल्या बाकावर हे सगळे.
"या हप्त्यात काय लागलं घरी?"
कापसाचा भाव सांगावा तसं एकेक जण सांगतो,
थोडा चढवून.

नीळकंठ उईके, कंपाउंडर, बोलत नसे.
त्याच्याकडं एक टेप आणि एक बाई.
कॅसेटवरचा कागद कधीचाच निघून गेलेला,
कोण गाते, कोणालाच माहीत नाही.
वीस वर्षं आमचं व्होल्टेज एकशेसाठ,
ओलिताचे पंप सुरू झाले की त्याहून खाली,
आणि ती बाई गायची
काळ्या चिखलातून बैलानं पाय काढावा तशी,
एकेक स्वर उचलून
धुऱ्यावर ठेवत.

मार्चात मी डीपी बदलली. शंभरची, नवी कोरी.
गावानं नारळ फोडला. पंखे उडायला लागले.
रात्री दहाला नीळकंठ माझ्या दारात, टेप काखेत :
"कोणती बाई आणून ठेवली बावा तुनं इच्यात?
पोरगी हाय थे. घाईत हाय.
माही बाई कुठी गेली?"

सुजातानं गाणं फोनमध्ये भरून घेतलं,
हळू करायचं बटण असतं म्हणाली.
त्यानं डोळे मिटून ऐकलं,
बोंडं काढून तिच्या हातात दिली.
"हळू झालं पोरी. खाली नाही उतरलं."

मग मी त्याच्या टेपला
एक बल्ब जोडून दिला, सिरीजमध्ये. पंधराचा.
साहेबाला कळलं तर हसेल.
चाळीसचा आधी लावून पाहिला होता,
बाई पुन्हा घाई करते.

आता मंगळवारी चक्की बंद करून
याकूबभाईसुद्धा त्याच्या ओसरीवर.
मास्तर म्हणतात, हा सूर पेटीत सापडायचा नाही,
दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत आहे.
शिलूताई वाती वळत बसतात.
बल्ब आतली तार दिसेल इतकाच पेटतो, लाल.

शेजारी कोणी पंप सुरू केला
की बाई अजून अर्धा सूर खाली येते,
आणि नीळकंठ वळून माझ्याकडं बघतो,
साथीला बसलेल्याला द्यावी
तशी मान हलवून दाद देतो.