पाठीमागचं

साकोलीहून निघताना डिक्कीत तीनच वस्तू :
कॅमेरा, सेफ्टीपिनांची डबी,
आणि एक पांढरी चादर, डबल बेडची,
बायकोच्या रुखवतातली.

अर्जाला फोटो लागतो पस्तीस बाय पंचेचाळीस.
दोन्ही कान दिसले पाहिजेत.
मागे काहीच नको.
मागे काहीच नको, हाच माझा धंदा.
गावोगाव जातो
आणि माणसांच्या पाठीमागचं झाकतो.

बावीस वर्षांत काय काय झाकलं, हिशेब नाही.
छुईनं सारवलेल्या भिंती, खाली निळीचा पट्टा.
धानाची पुंजणी, वर थंडीनं फुगून बसलेलं पाखरू.
शाळेचा हातपंप
आणि त्याच्या तोटीला तोंड लावून उभी शेळी.
एकदा तर नवेगावकडचं अख्खं जंगल,
दोन पिनांत.

मार्गशीर्ष होता. चूलबंदच्या अलीकडचं गाव.
भागरता दिघोरे खुर्चीवर बसली,
पदर सारखा केला, श्वास रोखला,
सगळेच रोखतात,
जणू फोटो म्हणजे बोडीत मारलेली बुडी.
चादर धरायला एका बाजूनं तिचा पोरगा,
दुसरीकडून त्याच्या वर्गातली चेतना.
वारा आला. चेतनाला शिंक आली.
चादर सुटली ती आडवी,
कुंपणावरून थेट बांधीत, लाखोळीच्या निळ्या फुलांत,
मागे पोरं, पोरांमागे कुत्रं.
बोट तोवर दाबलं गेलं होतं.

रात्री कंप्युटरवर पाहिलं.
मान वळलेली, तोंड हसून उघडं, कान एकच.
फोटो बाद.
मागे छपरी, कवेलू, दोरीवर लाल लुगडं,
कडेला अर्धी कोंबडी, पुढची अर्धी निघून गेलेली,
आणि कवेलूंच्या खाली
एक पांढरा, वाकडा, चकाकता डाग.
लेन्सवर धूळ असेल म्हणून लेन्स पुसली.
डाग खोडला.
परत आणला.
परत खोडला. त्याच्याशिवाय
छपरी आंधळी दिसत होती.
राहू दिला.

आठवड्यानं दुसरा फोटो काढायला गेलो
तेव्हा हाही छापून नेला, सहज.
भागरतानं स्वतःकडे पाहिलंच नाही.
बोट थेट डागावर.
‘इरा!’
(इकडे ळ जिभेवर टिकत नाही,
र होऊन वाहून जातो.)
‘डाग नाई जी थो, इरा होये माजा!
पंधरा दिस झाले, आमी धुंडून रायलो.’
उठली, कवेलूंखाली हात घातला,
इळा काढला, अंगठ्यानं धार पाहिली,
आणि मला म्हणाली,
‘फोटू कामाचा हाये तुमचा.’

परतीच्या सतरा किलोमीटरला
मला त्या दिवशी तीन तास लागले.

मैलाचा दगड, आकडा शेवाळानं खाल्लेला.
तळ्यात उभा बगळा, तळ्यातच उभा विजेचा खांब,
दोघेही एकाच विचारात.
कुणाच्या तरी दारात उपडी घातलेली मडकी,
प्रत्येकाच्या बुडाचा काळा वेगळा.
सायकलच्या कॅरिअरला बांधलेला उसाचा भारा
आणि त्याची शेपटी रस्त्यावर काढत गेलेली
बारीक, न संपणारी रेघ.
ह्यातल्या कशालाच अर्ज भरायचा नव्हता.

घरी बायकोनं विचारलं, गाडी बिघडली होती का?
मी हो म्हणालो.

चादर तीच आहे अजून.
एका कोपऱ्याला लाखोळीचा निळसर डाग,
दोनदा घासला, गेला नाही.
तो कोपरा खाली येईल अशा पिना लावतो.
कान दोन्ही दाखवतो, श्वास रोखू देतो,
पस्तीस बाय पंचेचाळीस.
मग म्हणतो, उठू नका,
आणि चादर उतरवतो.

‘आता हा कायच्या अर्जाले जी?’
लोक विचारतात.
मी लेन्स पुसत राहतो.