चुंबळ

मे महिन्यात मी ओळंबा सोडला,
भिंतीला नाही, भेगेत.
साडेचार फूट दोरी आत गेली
तरी पितळी गोळा कशालाच टेकला नाही.
चोपड्याच्या खाली, तापीकडे उतरताना
जमीन अशी उघडी पडते उन्हाळ्यात.
कुणाचा कंगवा, कुणाची कपाटाची किल्ली
अजून तिच्या पोटात आहे म्हणतात.

शेजारीच जुनी अंगणवाडी.
खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चढलेली चीर,
विंचू येऊ नये म्हणून
सेविकेनं तिच्यात लुगड्याच्या चिंध्या कोंबलेल्या.
आदल्या वर्षी जूनमध्ये
मी चिरेवर काचेची पट्टी चिकटवली होती,
वर तारीख, खाली सही.
पोळ्याच्या आत ती तुटली.
बाईंनी दोन्ही तुकडे वहीच्या कागदात गुंडाळून
ऑफिसला पाठवून दिले,
जणू माझंच काही फुटलं होतं.

हिलाल मिस्तरी खड्ड्यात उतरून म्हणाला,
"साहेब, हाई माटी पावसायामा फुगस,
उन्हायामा आंग चोरस.
तिनावर नई बांधो. तिना खाले जावो."

ठेकेदार पाच फुटांवर थांबा म्हणत होता.
सहा फुटांवर काळी.
सात फुटांवर काळी, ओलसर,
फावड्याला लोण्यासारखी चिकटणारी.
आठव्या फुटाला कुदळीचा आवाज बदलला.
इतका वेळ धप्प होता, आता खर्र.
हिलालनं चिमूटभर मुरूम दातांखाली धरला,
थुंकला,
म्हणाला, "आते."

काठावर उभं राहून मी हिशेब सांगितला:
छताचं ओझं तुळईला, तुळईचं खांबाला,
एका खांबावर अठरा टन.
पाया पाच बाय पाचचा धरला
तर चौरस फुटाला सात क्विंटल,
म्हणजे कापसाची भरली गाडी.
एकेका फुटावर एकेक, अशा पंचवीस गाड्या
बैल सोडून उभ्या, जन्मभर.
मजूर हसले.
जमनाबाई हसली नाही.
तिनं घमेलं उतरवलं, डोक्यावरची चुंबळ काढली,
पातळाचा तो जुना पट्टा उलगडला,
पुन्हा वळला, आधीपेक्षा रुंद.
"हाई काढी टाकी ते घमेलानी कड
टाळूमा घुसस.
वझं पसराले जागा पाहिजे.
इतलंच ना?"

इतलंच.
तीन वर्षं पदविकेची, दोन एटीकेटी,
आणि इतलंच.

मग जाळी, मग काँक्रीट.
खांब वर आले. भोवती मुरूम भरला,
पाणी मारलं, धुमसला,
पुन्हा पाणी.
मी शेवटचा खाली वाकून पाहिलं तेव्हा
पायाचा एकच कोपरा दिसत होता,
त्यावर कुणाच्या तरी अनवाणी टाचेचा ठसा,
ओल्या काँक्रीटात उमटलेला, भेगांसकट.
उद्घाटनाच्या फोटोत रंग आला, फीत आली,
पाहुण्यांचे बूट आले.

दर दिवाळीनंतर मी लेव्हल लावतो,
जोत्यात ठोकलेल्या खिळ्याची उंची घेतो.
पहिल्या वर्षी तीन मिलीमीटर बसलं.
दुसऱ्या वर्षी अर्धा.
तिसऱ्या वर्षी रकान्यात नुसती आडवी रेघ.
एवढं बसणं लागतंच;
भार घेताना जमीन जरा दबते,
मग धरते.

परवा जमनाबाई भेटली
चोपड्याला, दवाखान्याच्या पायरीवर.
मानेला पट्टा. डोकं मोकळं,
चुंबळ मात्र कमरेला खोचलेली, सवयीनं.
पिशवीतून तिनं एक्सरे काढला, उन्हाकडे धरला,
तू इंजिनिअर, वाच म्हणाली.
मणक्यांमधली एक फट
बाकीच्यांपेक्षा बारीक होती.
"कितलं बसनं?" तिनं विचारलं.

नोंदवही माझ्या खिशातच होती.
आम्ही एक्सरे उलटा धरला होता.
मी तो सुलटा केला
आणि पुन्हा पाहू लागलो, वरून खाली.