विसार

मुहर्रकच्या गल्लीत, जिथे एसीचं पाणी ठिबकून
भिंतीला हिरवी शेवाळी मिशी फुटलीय,
तिथे दुसऱ्या मजल्यावर माझं ऑफिस आहे.
ऑफिस म्हणजे जेवायचं टेबल.
अकरा वाजले की लॅपटॉप पलंगावर,
कारण पोळपाट मांडायचा असतो.

कार्डावर छापलंय : वेब डिझायनर, स्वतंत्र.
हर्णैला आईने फोनवर विचारलं, स्वतंत्र म्हणजे?
म्हटलं, वर कुणी साहेब नाही.
ती म्हणाली, मग पगार कोण देतं?

बू खलफचं मोत्यांचं दुकान.
लाल कापडावर दाणे,
काही कणीएवढे, एखादा ज्वारीएवढा.
साइट दोन भाषांत हवी होती.
अरबी पान उजवीकडून उघडतं,
म्हणजे मेनू, बाण, मागे जायचं बटण, सगळं उलटं.
चार रात्री मी आरशात राहिले.

मग सुरू झालं.
लोगो जरा मोठा. केला.
निळा जरा समुद्रासारखा.
कुठला समुद्र, सकाळचा की दुपारचा?
"आमचा."
सातव्या निळ्यापर्यंत फाइलचं नाव झालं होतं
शेवटचं-नक्की-शेवटचं-पाच.
दर वेळी मी : हो, होऊन जाईल.
आणि बिल ड्राफ्टमध्ये पडून.
साडेतीनशे दिनार लिहिले की अंगावर येतात,
दोनशे लिहिले की पोटात कालवतं.
पापलेटवाल्याला निम्म्यावर आणणारी मी
स्वतःचा भाव सांगताना
देवळात बोलावं तशी बोलते.

शेवटी गेले दुकानात.
वेलदोड्याचा गहवा आला, खजूर आले.
मी पैशांचं बोलायला तोंड उघडलं
आणि निळ्याविषयी बोलले.

बू खलफने खणातून एक कागद काढला,
घडीवर फाटलेला. आजोबांच्या नावाचा हिशेब.
आजोबा पाणबुडे. नाकाला कासवाच्या पाठीचा चिमटा,
पायाशी दगड, आणि वर होडीत
दोर धरून दुसराच कोणी.
"हंगामाआधी नाखुदा पैसे द्यायचा.
तांदळाला, कपड्याला, बायकोच्या हातावर ठेवायला.
हंगाम संपला की हिशेब,
आणि हिशेबात थोडं नेहमी उरायचं.
ते पुढच्या उन्हाळ्यावर.
गेले तेव्हा चाळीस रुपये देणं होते.
रुपये. तेव्हा इथे तुमचेच चालायचे."

नाखुदा. आमच्या बंदरावर नाखवा म्हणतात.
आणि त्या पैशालाही आमच्याकडे शब्द आहे : उचल.
मनात म्हटला. त्याला सांगितला नाही.

तो म्हणाला, "ते आधी घेऊन बुडाले,
तू आधी न घेता बुडतेयस.
त्यांचा दोर नाखुदाच्या माणसाकडे होता.
तुझा कुणाकडे आहे?"

मी म्हटलं, साडेतीनशे.
देवळातला आवाज नव्हता तो.
यावर त्याने डोळे पुसले वगैरे नाही.
घासाघीस केली. पिढीजात मोती विकणारा माणूस.
दोनशे ऐंशीपासून चढत चढत
तीनशे दहाला आलो, आणि दोघंही
थोडे नाराज उठलो, म्हणजे सौदा बरा झाला.
आठवा निळा त्याला पसंत पडला.
तो पहिलाच होता.

काल हिद्दच्या दातांच्या डॉक्टरची चौकशी आली.
लिहिलं : अर्धे आधी. बदल दोनदा.
तिसऱ्या बदलाचे वेगळे.
खाली सवयीने "क्षमस्व" लिहिलं होतं, ते खोडलं.
आईला सांगितलं तर ती लगेच म्हणाली,
विसार गं तो. होडी घेताना देतात तसा.
उचल माणसाला बांधते, विसार शब्दाला.
चौथी शिकलेली बाई.

पाठवलं.
उत्तर अजून नाही. येईल, न येईल.
अकरा वाजले.
लॅपटॉप होता तिथेच राहू दिला,
पोळ्या ओट्यावर लाटल्या, उभ्याने.