वाऱ्याखालून

डबा ग्रोनिंगनहून आला. आत दोन आखूड दांडे,
दोन कड्या, चार बोल्ट,
आणि सूचनापत्राच्या जागी कुणाच्या तरी किराणा-यादीचा कपटा:
कांदे, मेणबत्त्या, मांजराचं औषध.

कड्या पस्तीस मिलिमीटरच्या. माझ्या होंडाचा फोर्क तेहेतीसचा.
दोन मिलिमीटरनी काय होतं, असं ज्याला वाटतं
त्याने एकदा भर वेगात ब्रेक दाबून
मुठीतलं हँडल सैल खुंटीसारखं फिरलेलं बघावं.
मी फ्रिजमधला जुना बर्फाचा ट्रे कापला.
पत्रा बरोब्बर एक मिलिमीटर.
गोल वाकवला, कानशीने कड मारली,
फोर्कला नेसवला.

सिब्रेन कुंपणावर कोपरं टेकून बघत होता.
दुसऱ्याने केलेलं कुठलंही काम त्याला फार आवडतं.
"आपल्या वयात लोक हँडल वर घेतात, रिन्स्के. खाली नाही."
मी म्हटलं, बाराचा पाना दे.
त्याने चौदाचा दिला.

जुनं हँडल निघालं तेव्हा हातात केवढं रुंद वाटलं.
त्यामागे माणूस चर्चच्या बाकावर बसल्यासारखा बसतो
आणि सगळा वारा छातीवर घेतो.
एकतीस वर्षं मी तशीच बसले
समुद्राच्या बांधावर, फिरत्या पुलाच्या केबिनमध्ये.
लाल दिवा, हिरवा दिवा,
गलबत जाऊ दे, मोटारी थांबू दे.
कुणी हॉर्न वाजवला तर ताठ,
कुणी काच खाली करून शिवी दिली तर आणखी ताठ.
मोडेन पण वाकणार नाही, असं आमच्या घरात
कुणाला म्हणावं लागलं नाही.
वडील मोडले. मग भाऊ.

पुढचा अख्खा दिवस केबलींचा.
क्लचची केबल आता वीतभर जास्त,
दिव्यापुढे उगाच कमान करून उभी.
ती फ्रेमच्या आतून घेतली, बाहेरून घेतली,
परत आतून.
मग हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवून पाहिलं
आणि मूठ नि टाकीच्या मध्ये
अंगठा.
गेल्या हिवाळ्यात स्वयंपाकघरात रंगवलेली सोनेरी टाकी,
तिच्यावर ओरखडासुद्धा नाही.
"बर्फ लाव," सिब्रेन म्हणाला.
दोघांनीही एकदमच फोर्ककडे पाहिलं.

रविवारी पहाटे बांधावर गेले.
बत्तीस किलोमीटर, आणि वळण म्हणावं असं जवळजवळ नाहीच.
हे हँडल वळणांसाठी असतं, मलाही ठाऊक आहे.
उजवीकडे समुद्र, पण भिंतीआड.
डावीकडे गोडं पाणी, करड्या सुरकुत्यांचं.
नैर्ऋत्येचा वारा सरळ तोंडावर.
माझ्या पुलावरून गेले. केबिनमध्ये कुणी पोरगा होता,
त्याने वर पाहिलं नाही.
तिथून पुढे मी हनुवटी टाकीपाशी नेली,
कोपरं आत,
आणि वारा माझ्या पाठीवरून
निघून गेला.
हेल्मेटमध्ये इंजिनाचा आवाज पहिल्यांदाच स्वच्छ ऐकू आला,
डाव्या सिलिंडरची ती बारीक टिकटिकही,
जी आता दुरुस्त करावी लागणार.

पलीकडच्या टोकाला मनगटं इतकी ठणकत होती
की कॉफीचा कप दोन्ही हातांनी धरला.
गाडी एका दमात वळेना. पुढे, मागे, पुढे, मागे.
एक मासेवाला बघत होता. बघू दे.

परतताना वारा पाठीशी.
आता वाकायची काही गरज नाही,
पण हँडलला ते कोण सांगणार?
ते जिथे बसवलंय तिथेच.
मी तशीच आले घरापर्यंत, पालथी,
समोर कुणी नसताना, बत्तीस किलोमीटर,
एकटीच हसत.

नख एप्रिलमध्ये गळलं.
सिब्रेनने चौदाचा पाना अजून परत नेलेला नाही.