मुद्रा क्रमांक चार

अजमानच्या शेडमध्ये, होड्या बांधतात त्याच्या मागे,
आम्ही एक अमीर उताणा घातलाय जमिनीवर.
इथला नाही, पलीकडचा कुठला. नाव सांगत नाहीत.
फायलीवर नुसतं : मुद्रा क्रमांक चार, घोड्यासह.
बेचाळीस फूट. त्याच्यावरून मोजे घालूनच चालायचं.

मोफिजुल खडे निवडतो,
एका काळ्यातून अकरा काळे वेगळे काढतो.
बेहरूझ कडेची अक्षरं बसवतो, दीर्घायुष्याची.
चेहरा माझ्याकडे. का, तर कुणीतरी सांगितलं
भिकू चारी गावी देव रंगवायचा.

रंगवायचो. पण देवाचे डोळे शेवटी.
आधी वस्त्र, दागिने, हातातलं आयुध,
मग समोर आरसा धरून, श्वास कोंडून, बुबुळ.
इथे उस्ताद रऊफ म्हणाले, डोळे आधी,
फोटो वर पाठवायचाय.
तेव्हापासून तो बघत पडलाय
आमचे डबे, वाळत घातलेले बनियन,
बेहरूझची नमाजाची चटई.

बुधवारी वरून निरोप : दाढी काळी करा.
एकोणसाठ पांढरे खडे उपसले चिमट्याने,
शिंपल्याचे, बसरा मोत्याच्या पाण्याचे,
महिनाभर घासलेले.
पोट आत घ्या. घेतलं.
घोडा उंच करा. केला.
आता स्वार लहान दिसतो, घोडा ठेंगणा करा.
तलवारीला सोनं पुरेना, तेव्हा सूर्याचं काढलं.

नमुन्याला सोळा फोटो दिलेले.
सतरावा चुकून चिकटून आला असावा :
पाच-सहा वर्षांचं पोर, नाक वाहतंय,
करडाचा कान मुठीत गच्च,
आणि चौकटीच्या कडेला बाईचा हात,
हातच फक्त, त्याला सरळ उभं करणारा.
तो मी परत केला नाही.

उद्या तुकडे करून क्रेनने चढवतील.
काल रात्री, जनरेटर बंद व्हायच्या आत,
रुमालाच्या कडेखाली, कानाच्या पाळीशी
मी एक काळा खडा बसवला. उडदाएवढा.
मोफिजुलच्या अकरांतला सगळ्यात काळा.

सकाळी रऊफ भिंग घेऊन ओणवले.
हे काय?

मालवणीत शब्द जिभेवर आला होता.
अरबीत मला येत नव्हता.
सावली, म्हटलं.

बराच वेळ त्यांचं बोट त्या खड्यावर होतं.
मग घोड्याच्या खुरांकडे गेले.
तिथे चुना कमी पडलाय, म्हणाले.