मेल्लगा

मॅटॅडोर एकोणनव्वदची. आधी डोळ्यांच्या दवाखान्याची होती.
अजून ऊन तिरपं झालं की डाव्या काचेवर
खरवडून काढलेली अक्षरं वर येतात:
मोफत मोतीबिंदू तपासणी.
आतून वाचावीत तर उलटी.

आता आत फळीचा पलंग, स्टोव्ह, पाण्याचा कॅन,
आणि मागच्या पावसाळ्यापासून खिडकीखाली
ओलीचा डाग, रोज थोडा वाढणारा.
एकतीस वर्षं भूगोल शिकवला,
हा प्रदेश काही ओळखता येईना.
प्रभा म्हणाली, गादीला वास येतोय.

अक्कलकोट रोडला, बंद पडलेल्या टॉवेलच्या कारखान्यात
अंबादास गुंडेटी काचा बसवतो.
पूर्वी मागांचा फिटर.
गाडीभोवती एक फेरी मारली, नखानं रबर दाबलं, हसला:
डोळ्याच्या गाडीलाच पाणी येतंय की ओ सर.

आधी रबरातली पट्टी.
सलग निघेल वाटलं होतं,
निघाली चकलीसारखी, तुकड्या-तुकड्यांनी.
मग मी पलंगावर उताणा, दोन्ही तळपाय काचेला,
साठीच्या उंबरठ्यावरचा बाळंतीण.
रेटा, म्हणाला. रेटलं.
खालचा कोपरा सुटला
आणि बाहेर त्या दोघांनी काच झेलली
चादरीची घडी घालताना धरतात तशी,
समोरासमोर, कोपरे पकडून.

रबराखाली गंज. गंजात बोट आरपार.
आणि फटीत ठासून भरलेला कागदाचा लगदा,
तेलुगू वर्तमानपत्राचा, तारीख विरघळलेली.
दवाखान्याचा ड्रायव्हर असेल कुणी.
त्याच्याही गादीला वास आला असेल.

पत्र्याचं ठिगळ, वेल्डिंग, वर रेड ऑक्साइड.
वाळायला रात्र जाणार,
आणि उघड्या गाडीला सोडून घरी कसं जायचं?
तिथंच झोपलो.
शेजारच्या शेडमध्ये माग चालू, खटक् खटक्,
एप्रिलची झळ, भोकातून आत तरंगत येणारं सूतकट.
असंच राहू दे ना, प्रभा म्हणाली.
चिलटं येतील, मी म्हणालो.
ती काही बोलली नाही. कोपरापर्यंत हात बाहेर काढून
बराच वेळ पडून राहिली.
मीही काही विचारलं नाही.

सकाळी अंबादासनं मागावरची दोरी आणली,
काचेला नवं रबर चढवलं,
रबराच्या खाचेतून दोरी सगळीकडून फिरवली,
मगभर साबणाचं पाणी ओतलं.
मी आत, हातात दोरीची टोकं.
तो बाहेर, दोन्ही तळहात काचेवर.
ओढा सर. मेल्लगा.
आवाज अर्धाच आत येत होता, बाकीचा ओठांवरून कळला.
दोरी सुटत गेली तसा तिच्यामागून
रबराचा काठ पत्र्यावर पालथा पडत आला,
बोटभर, अजून बोटभर.
वरच्या कोपऱ्यात अडलं. मी हिसका देणार
तेवढ्यात त्यानं काचेवर टिचकी मारली.
तुटलेला धागा शोधण्यात अख्खी पाळी जायची,
काल चहाच्या वेळी सांगत होता.
मी श्वास सोडला.
दोरीनंही सोडलं.

वरून दोन बादल्या ओतल्या. आत कोरडं.
नंतर उजव्या कोपऱ्यात एक थेंब आला.
त्यानं अंगठ्यानं पुसला, जिभेला लावला:
साबण आहे सर, वाटेत वाळतंय.
आठशे घेतले. दोरी मात्र परत मागितली.

होटगी रोडला ऊन तिरपं झालं
आणि मागून प्रभा मोठ्यानं वाचायला लागली:
मोफत. मोतीबिंदू. तपासणी.
सुलटं.
काच उलटी बसली होती.
बाहेरच्यांना आता काय दिसत असेल कोण जाणे.

परत वळवू का?
कशाला, म्हणाली.
आरशात पाहिलं तर एका डोळ्यावर तळहात ठेवून
ती रस्त्यावरचे बोर्ड वाचत होती:
शेंगा चटणी.
पंक्चर काढून मिळेल.
बोअर मारणे.
पुढचा जरा बारीक अक्षरांत होता.
मी गाडी मेल्लगा केली.